हातात खंजिरी, मुखात भजन : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज



राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती किंवा पुण्यतिथी आली की आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांत एकच चित्र दिसतं. फोटोला हार, अगरबत्ती, आणि चार-पाच मुलांची भाषणं. भाषणांत जन्मगाव, आईवडिलांची नावं, ग्रामगीता, पुण्यतिथीची तारीख, सगळं बरोबर असतं. पण त्या फोटोत महाराजांच्या हातात जे आहे, त्याच्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. चौथीतल्या एका मुलीने मला सरळच विचारलं होतं, की महाराज गात होते तर मग वाजवायला दुसरं कोणी नव्हतं का? मला तो प्रश्न फार आवडला. त्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की महाराजांचं पूर्ण चरित्र नीट समजतं. म्हणून आज त्याच वाटेने जाऊ या.

गाणारा आणि वाजवणारा एकच

आधी थोडं वाद्यांबद्दल. गाणाऱ्या माणसाला स्वतःच साथ करायची असेल, तर त्याला कोणतंही वाद्य चालत नाही. बासरी, सनई चालणार नाही, कारण तोंड मोकळं राहत नाही. तबला-डग्गा वाजवत गाणं कठीण, आणि तो घेऊन चालणं तर त्याहून कठीण. पेटीवर स्वतः वाजवत गाता येतं, एक हात भात्यावर आणि एक सुरांच्या पट्ट्यांवर. पण पेटीसाठी बसावं लागतं. गावोगावी फिरणाऱ्याला ती डोक्यावर किंवा गाडीत न्यावी लागते.

म्हणून जगभर फिरत्या गायकांनी हातात मावेल असं वाद्य निवडलेलं दिसतं. युरोपात कॉन्सर्टिना नावाचं वाद्य आहे. आपल्या पेटीचीच लहान बहीण म्हणा ना. मध्ये घडीचा भाता, दोन्ही बाजूंना बटणं, आणि दोन्ही हातांनी ताणत-दाबत वाजवायचं. ते इंग्लंडमधल्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी तयार केलं. विज्ञानाच्या पुस्तकात ज्यांच्या नावाचा विद्युत परिपथ शिकवतात, तेच हे व्हीटस्टन. खलाशांनी ते बोटीवर नेलं आणि मुक्तिफौजेच्या प्रचारकांनी ते रस्त्यावर नेलं. चौकात उभं राहायचं, स्वतः वाजवायचं, स्वतः गायचं आणि जमलेल्या लोकांनाही गायला लावायचं.

आपल्याकडे हीच गरज एकतारीने, चिपळ्यांनी, तुणतुण्याने आणि डफाने भागवली. विदर्भात ती सगळ्यात जास्त भागवली ती खंजिरीने. खंजिरी म्हणजे लाकडाचं लहानसं कडं. त्याच्या एका बाजूला चामडं मढवलेलं असतं आणि कड्याच्या खाचांत पितळी चकत्यांच्या जोड्या बसवलेल्या असतात. एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. चामड्यातून ठेका निघतो आणि चकत्यांतून झणकार. सूर लावायला नको, भाता नको, बसायला जागा नको. पिशवीत टाकली की झालं. हे वाद्य महाराजांनी हाती घेतलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

यावलीचा माणिक

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली या गावी झाला. नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे, आई मंजुळाबाई. वडील शिवणकाम करायचे. घरची परिस्थिती अगदी बेताची, म्हणजे आजचं भागलं तर उद्याची काळजी अशी. त्यामुळे माणिकची शाळा मराठी तिसरीच्या पुढे गेली नाही.

पालकहो, इथे एक मिनिट थांबा. ज्यांच्या नावाने आज नागपूरचं विद्यापीठ आहे (२००५ पासून त्याचं नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असं झालं), ते स्वतः तिसरी शिकलेले होते. हे मुलांना सांगताना मी एक काळजी घेतो. शाळा नसली तरी चालते, असा अर्थ त्यातून निघू नये. माणिकची शाळा गरिबीने सुटली, आवडीने नाही. आणि पुढे आयुष्यभर हा माणूस गावोगावी शिक्षणाचंच महत्त्व गाऊन सांगत राहिला. ज्याची शाळा हिरावली गेली, त्याला शाळेची किंमत जास्त कळली असावी.

मग माणिक शिकला कुठे? तर भजनात. त्या काळी गावात रात्री भजन होत असे. कीर्तनकार येत, दिंड्या जात. लहान मूल मांडीवर बसून ऐकायचं, मग टाळ वाजवायचं, मग मागे म्हणायचं. माणिकला गाण्याचा आणि ध्यानाचा नाद याच वातावरणात लागला. आवाज खडा होता, पाठांतर जबरदस्त होतं, आणि लवकरच तो स्वतः रचूही लागला.

तुकड्या हे नाव कसं पडलं

वरखेड गावी आडकोजी महाराज म्हणून संत राहत. माणिकने त्यांना गुरू मानलं. नावाची गोष्ट तिथलीच. माणिक गुरूंसमोर अभंग म्हणायचा, आणि अभंगाच्या शेवटी संत तुकारामांची नाममुद्रा यायची. गुरूंनी त्याला सुचवलं, की आता स्वतःच्या रचना कर आणि त्यात स्वतःचं नाव घाल. ते नाव त्यांनीच दिलं, तुकड्या. भाकरीच्या तुकड्यावर जगणारा, असाही अर्थ लोक त्याचा लावतात. पुढच्या हजारो भजनांत शेवटी तुकड्यादास अशी मुद्रा येते ती इथून.

मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण शिक्षक म्हणून मला त्यात वेगळं काही दिसतं. दुसऱ्याचं पाठ केलेलं म्हणणारा मुलगा उत्तमच असतो. त्याला आता तुझं लिही असं सांगणारा कोणीतरी त्याच्या आयुष्यात यावा लागतो. आडकोजी महाराजांनी ते काम केलं. आपल्या वर्गातही पाठांतरात पहिला येणारा एखादा माणिक असतोच की.

रानात

गुरूंच्या देहावसानानंतर हा पोरसवदा माणिक घर सोडून निघाला. रामटेक, सालबर्डी, आणि चिमूरजवळच्या रामदिघी-गोंदोड्याच्या जंगलात त्यांनी साधना केली. गोंदोड्याला आजही तपोभूमी म्हणून लोक जातात. हा सगळा भाग आपल्यापासून लांब नाही. पवनीहून भिवापूरमार्गे चिमूरकडे गेलं की ते रान सुरू होतं.

रानातून बाहेर आल्यावर ते खेड्यांत भजनं करू लागले. मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत. हिंदी का, असं मुलं विचारतात. कारण सोपं आहे. तेव्हा आपला विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता. नागपूर राजधानी, आणि एकीकडे जबलपूर, रायपूर असे हिंदी मुलूख. भंडाऱ्याच्या बाजारात जशी मराठी, झाडीबोली आणि हिंदी एकत्र ऐकू येते, तसाच तो प्रांत होता. ज्या गावात जी भाषा चालते, त्या भाषेत भजन.

त्यांच्या भजनाचा घाट नीट पाहा. सुरुवातीला ध्रुपद. महाराज ते म्हणणार, जमलेले लोक मागे म्हणणार. मग एक कडवं, पुन्हा ध्रुपद. अक्षर न ओळखणारा माणूसही तिसऱ्या वेळी ते म्हणू लागतो, आणि घरी जाताना गुणगुणत जातो. दुसऱ्या दिवशी शेतात रोवणी करताना तेच तोंडी येतं. म्हणजे पुस्तक नाही, फळा नाही, तरी धडा पाठ! आणि त्या धड्यात काय असायचं? गाव झाडा, दारू सोडा, शिवाशिव टाका, लग्नात उधळपट्टी करू नका, एकमेकांशी भांडू नका. देवाचं नाव तर होतंच, पण देवाच्या नावाबरोबर गावाचं काम होतं.

आता खंजिरीचा उपयोग कळतो. साथीदार नाहीत म्हणून कार्यक्रम अडला, असं त्यांच्या बाबतीत होतच नव्हतं. पुढे त्यांच्यासोबत पेटी, तबला घेऊन भजनी मंडळी असत, सभा मोठ्या झाल्या. पण ठेका त्यांच्याच हातात राहिला. गावकरी दमले असतील तर लय वाढवायची, एखादी गोष्ट मनावर ठसवायची असेल तर खंजिरी थांबवून नुसतं बोलायचं. हे स्वतः वाजवणाऱ्यालाच जमतं. आपण नाही का, वर्ग कंटाळला की आवाज बदलतो, तसंच.

सालबर्डी ते सेवाग्राम

१९३५ साली सालबर्डीच्या डोंगरावर महाराजांनी मोठा यज्ञ केला. त्याला लाखो लोक आले असं सांगतात. त्याच सुमारास अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. पुढचं सगळं काम याच ठिकाणाहून चाललं.

दुसऱ्या वर्षी, १९३६ मध्ये, महात्मा गांधींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला गेले आणि जवळपास महिनाभर राहिले. तिथल्या प्रार्थनेत त्यांची खंजिरी वाजू लागली. सेवाग्रामात चरखा होता, सफाई होती, ग्रामोद्योग होते, आणि सगळ्या धर्मांची प्रार्थना होती. महाराजांच्या भजनांत गावाचा विचार आधीपासून होता. त्याला स्वातंत्र्याच्या चळवळीची जोड इथून अधिक घट्ट झाली, असं त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून दिसतं.

१९४२ : भजनाला सरकार घाबरलं

आता चरित्रातला सगळ्यात अवघड भाग. भाषणांत तो एका ओळीत उरकला जातो, पण मोठ्या मुलांना तो नीट सांगायला हवा असं मला वाटतं.

ऑगस्ट १९४२ मध्ये चले जाव आंदोलन सुरू झालं. आपल्या तुमसरलाही त्याच महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात माणसं शहीद झाली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, जमाव चिडला आणि त्यात सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गोऱ्या सैन्याने गावावर जे अत्याचार केले, विशेषतः बायकांवर, त्याने सारा देश हादरला. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही त्याच दिवशी असंच घडलं.

चिमूर हा महाराजांच्या साधनेचा परिसर. तिथली माणसं त्यांची भजनं वर्षानुवर्षं म्हणत होती. परकीय सत्तेविरुद्ध उभं राहण्याचं बळ त्या भजनांनी दिलं, ही गोष्ट लोकांनाही ठाऊक होती आणि सरकारलाही. २८ ऑगस्टला चंद्रपूर येथे महाराजांना अटक झाली. आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आलं. नागपूरहून रायपूरला जाणारी रेल्वेलाईन आपल्या वरठीवरूनच जाते. नकाशा काढून मुलांना हे दाखवा. यावली, मोझरी, चिमूर, नागपूर, भंडारा, रायपूर. इतिहास लगेच आपल्या अंगणात येतो. डिसेंबरच्या सुरुवातीला, तीन महिन्यांहून अधिक काळाने, त्यांची सुटका झाली.

विचार करा. या माणसाकडे बंदूक नव्हती, पैसा नव्हता, पक्ष नव्हता. एक लाकडाचं कडं आणि गळा. तरी सरकारला त्यांना कोंडून ठेवावंसं वाटलं. मुलं विचारतात, नुसतं गाणं म्हणण्यात एवढं काय? त्याचं उत्तर असं, की एकटा माणूस गातो तेव्हा ते गाणं असतं. सारं गाव मागे म्हणतं तेव्हा ते गावाचं मत होतं.

पण मुलांपासून दुसरी बाजूही लपवू नये. जमाव चिडला आणि माणसं मेली, दोन्ही बाजूंची. गाण्याने जागी झालेली माणसं कुठल्या दिशेला जातील, हे गाणाऱ्याच्या हातात पूर्णपणे नसतं. मला वाटतं, तुरुंगानंतरचं महाराजांचं काम पाहिलं की याचं उत्तर त्यांनी कामातूनच दिलेलं दिसतं. जागं झालेल्या गावाला रोजचं काम द्यायचं, रोज एकत्र बसवायचं आणि शिस्त लावायची.

सेवा मंडळ आणि सामुदायिक प्रार्थना

१९४३ साली श्रीगुरुदेव सेवा मंडळाचं काम संघटितपणे सुरू झालं. श्रीगुरुदेव मासिक निघालं आणि आश्रमाचा छापखाना सुरू झाला. गावोगावी मंडळाच्या शाखा झाल्या. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात तर क्वचितच एखादा परिसर असेल जिथे भगवी टोपी घातलेले गुरुदेव सेवक दिसत नाहीत.

मंडळाचा गाभा म्हणजे सामुदायिक प्रार्थना. पहाटे ध्यान, संध्याकाळी प्रार्थना. सगळे जमिनीवर, रांगेत, एकाच सतरंजीवर. पाटलाची वेगळी जागा नाही, मजुराची वेगळी नाही. कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा माणूस येऊन बसू शकतो. १९४३ चं खेडं डोळ्यांसमोर आणा. पाण्याची विहीर वेगळी, बसायची जागा वेगळी. त्या काळात रोज संध्याकाळी अर्धा तास सगळ्यांनी एका रांगेत बसणं हीच केवढी मोठी गोष्ट होती! शिवाशिव वाईट हे भाषणात सांगणं सोपं. मांडीला मांडी लावून बसायला लावणं कठीण. गाण्याने ते कठीण काम थोडं सोपं झालं, कारण सोबत गाणाऱ्याला परकं समजणं अवघड जातं.

आणखी एक बदल झाला. खंजिरी आता एकट्या महाराजांची राहिली नाही. गावागावांत खंजिरी भजन मंडळं उभी राहिली, पुरुषांची आणि महिलांचीही. आज आपल्याकडे खंजिरी भजन स्पर्धा होतात, रात्र रात्र चालतात, एकेका मंडळाची हातचलाखी पाहून लोक दाद देतात. ज्या बायकांनी आयुष्यात कधी माईक हातात धरला नव्हता, त्या स्पर्धेत उभ्या राहून गातात. एका माणसाच्या हातातलं वाद्य हजारो हातांत गेलं. चरित्रातली सगळ्यात मोठी घटना कोणती असं मला विचाराल, तर मी हीच सांगेन.

ग्रामगीता

स्वातंत्र्य मिळाल्यावर महाराज थांबले नाहीत. विनोबा भाव्यांच्या भूदान चळवळीसाठी ते फिरले. देशाचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. १९५५ साली ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या. हा ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेला, म्हणजे गावालाच अर्पण केला.

नावात गीता असली तरी आतमध्ये आहे ते खेड्याचं कामकाज. रस्ते, आरोग्य, सफाई, गोरगरिबांची घरं, निवडणुका, महिलांची उन्नती, लग्नाच्या चाली, सण-उत्सव. शिक्षणावरही स्वतंत्र अध्याय आहे. त्याचा सारांश असा, की शिक्षणाने पोटापुरती नोकरी मिळाली आणि हाताला कामाची लाज वाटू लागली, तर ते शिक्षण अपुरं. मुलाला आपलं शेत, आपलं घर, आपलं गाव सांभाळता आलं पाहिजे. आपण डीएडला जीवनाशी जोडलेलं शिक्षण म्हणून जे शिकलो, ते या तिसरी पास माणसाने ओवीत सांगून ठेवलं आहे.

ओवी का निवडली असेल? कारण ओवी मोठ्याने म्हणायची असते. जात्यावर बायकांनी तीच म्हटली, ज्ञानेश्वर-एकनाथांनी तीच वापरली. ग्रंथ एकाने वाचावा आणि दहांनी ऐकावा, हा हिशेब. म्हणजे लिहितानाही महाराजांच्या डोळ्यांसमोर एकटा वाचक नव्हता, जमलेलं गाव होतं.

जपानपासून सीमेपर्यंत

१९५५ सालीच ते जपानला जागतिक धर्म परिषदेसाठी गेले. तिथेही खंजिरी सोबत होती. भाषा न कळणाऱ्या लोकांसमोर त्यांनी खंजिरी वाजवून भजन म्हटलं. पुढे १९५६ मध्ये भारत साधुसमाजाची स्थापना झाली आणि महाराज तिचे पहिले अध्यक्ष झाले. साधूंनी मठात बसून न राहता समाजाच्या कामाला लागावं, हा त्यामागचा विचार.

१९६२ चं चीन युद्ध, १९६५ चं पाकिस्तान युद्ध, या दोन्ही वेळी ते सीमेकडे जाऊन जवानांसमोर गायले. ज्या भजनांबद्दल एका सरकारने तुरुंगात टाकलं, तसलीच भजनं ऐकायला आता देशाचे जवान बसले होते.

शेवट

कर्करोगाने महाराजांचं शरीर थकत गेलं. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे त्यांचं निधन झालं. वय अवघं ५९. आश्रमासमोरच त्यांची समाधी आहे. दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला तिथे लाखो लोक जमतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे ज्या वेळी त्यांनी देह ठेवला त्या वेळी, सगळे मौन पाळतात. टाळ थांबतो, खंजिरी थांबते, अख्खा मैदानभर आवाज नाही. गावं गाती करणाऱ्या माणसाला लोक शांत राहून नमस्कार करतात. शक्य असेल तर मुलांना एकदा तरी तिथे न्या.

आपल्या शाळेत काय करता येईल?

आता आपल्या कामाचं. आपल्या जिल्ह्यात दोन शिक्षकी शाळा भरपूर. संगीत शिक्षक नाही, पेटी नाही, तबला नाही. असली तरी कपाटात उंदरांनी भाता कुरतडलेला. मग गाण्याचा तास म्हणजे मोबाईल लावून स्पीकरवर गाणं ऐकणं होतं. मुलं ऐकतात, गात नाहीत. महाराजांचं चरित्र आपल्याला याच ठिकाणी प्रश्न विचारतं. त्यामुळे या काही गोष्टी करून पाहा.

१. खंजिरी बनवा. भरतकामाची जुनी रिंग किंवा बांबूच्या कामट्यांचं कडं घ्या. सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले चपटे करून, मध्ये भोक पाडून तारेत दोन-दोन ओवा. एका बाजूला जाड पुठ्ठा किंवा ताणलेला कागद चिकटवा. बिल्ले ठोकायचं आणि भोक पाडायचं काम शिक्षकाने किंवा पालकाने स्वतः करावं.

२. खरी खंजिरी गावातल्या भजनी मंडळाकडून एक दिवस मागून आणा, वाजवणाऱ्या काकांना किंवा काकूंनाही बोलवा. पावसाळ्यात चामडं दमट होऊन सैल पडतं आणि मंडळी ते विस्तवाजवळ शेकून ताणतात. असं का होतं, हा परिसर अभ्यासाचा छान प्रश्न आहे.

३. बरीच भजनं केरव्यात बसतात, म्हणजे आठ मात्रा. एक ते आठ मोजायचं, एकवर जोरात थाप, पाचवर हलकी. याच ठेक्यावर पाढे म्हणून बघा. जी मुलं वाचनात मागे आहेत आणि वर्गात तोंड उघडत नाहीत, ती ठेक्यावर हमखास म्हणू लागतात. माझ्या वर्गात मी हे पाहिलं आहे. एकट्याने चुकायची भीती वाटते, सगळ्यांसोबत वाटत नाही.

४. पुण्यतिथीला भाषणं कमी करा. एका गटाने महाराजांचं एखादं भजन म्हणावं, दुसऱ्याने शाळेचं आवार झाडावं, तिसऱ्याने ग्रामगीतेतला एक विषय घेऊन आपल्या गावात त्याचं काय झालं ते मोठ्या माणसांना विचारून यावं. रस्ता, पाणी, दारू, शौचालय, जे असेल ते. आलेली उत्तरं फळ्यावर लिहा. गोड नसतील तरी लिहा.

५. पालकहो, तुमच्यासाठी एकच. घरात आजी-आजोबांना महाराजांची भजनं येत असतील. त्यांच्याकडून मुलाला एक तरी शिकू द्या, मोबाईलवरून नाही, त्यांच्या तोंडून. आजीला पूर्ण आठवत नसेल तर जेवढं आठवेल तेवढं. उरलेलं शेजारच्या काकूंना येत असेल. असंच तर ते गावभर पसरलं होतं.

आणि त्या चौथीतल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर? वाजवायला दुसरे लोक मिळालेच असते की. पण महाराज कोणाची वाट बघत थांबले नाहीत. जे हातात मावतं ते घेतलं, सुरुवात केली, आणि लोक मागून येत गेले. आपल्या शाळेत पेटी येईल तेव्हा येईल. उद्याच्या परिपाठाला पुठ्ठ्याची खंजिरी चालेल.